चिठ्ठी आणि हात

सप्टेंबर २०२२ मध्ये मडगाव नगरपालिकेच्या नगराध्यक्षपदासाठी दोन शिरोडकर समोरासमोर उभे होते. एक दामोदर, दुसरे घनश्याम. त्याच आठवड्यात मडगावचे आमदार दिगंबर कामत काँग्रेसचे आणखी सात आमदार घेऊन भाजपमध्ये गेले होते. त्यांच्या गटाचे नगरसेवक आणि भाजपचे नगरसेवक यांची बेरीज केली, की त्यांचे उमेदवार दामोदर शिरोडकर यांचे बहुमत कागदावर सरळ दिसत होते. मतदान गुप्त होते. चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा घनश्याम यांना १५ आणि दामोदर यांना १० मते पडली.

पुढे जे घडले ते या लेखाचे खरे कारण आहे. राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि नगराध्यक्षाची निवड गुप्त चिठ्ठीऐवजी हात वर करून करण्याची तरतूद आणली. घनश्याम शिरोडकरांवर अविश्वास ठराव आला, तो मंजूर झाला आणि काही आठवड्यांतच दामोदर शिरोडकर त्याच खुर्चीवर बसले. सभागृह तेच, नगरसेवकही तेच. बदलली होती ती फक्त मत देण्याची रीत.

गोव्यातल्या वर्तमानपत्रांनी याला फाटाफूट, नाचक्की, सूड अशी नावे दिली. ती खोटी नव्हती, पण अपुरी होती. निवडणुकीची रीत ही लोकांच्या मनातले मोजणारी निर्विकार फूटपट्टी आहे, असे आपण गृहीत धरतो. मडगावात ती तशी नव्हती. कुठेच नसते.

मत देण्याच्या रीतीचा सर्वांत मोठा खटाटोप अमेरिकेत चालतो. राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी तिथली काही राज्ये ‘प्रायमरी’ घेतात, काही ‘कॉकस’. प्रायमरी म्हणजे आपल्यासारखेच मतदान. दिवसभरात केव्हाही जा, गुप्तपणे मत द्या, घरी या. कॉकस म्हणजे सभा. ठरलेल्या वेळी शाळेच्या हॉलमध्ये जमायचे, भाषणे ऐकायची आणि मग आपला कौल द्यायचा. आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची जुनी रीत तर अशी होती, की ज्याचा जो उमेदवार त्याच्या कोपऱ्यात त्याने जाऊन उभे राहायचे. एखाद्या कोपऱ्यात साधारण पंधरा टक्क्यांपेक्षा कमी माणसे जमली, तर तो गट मोडायचा आणि त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचे. शेजारी बघतोय, दुकानदार बघतोय, मास्तर बघतोय. तेवढ्यात कुणीतरी दंड धरून आपल्याकडे ओढतोय. रिपब्लिकन पक्षाच्या कॉकसमध्ये निदान चिठ्ठी असे, पण संध्याकाळ घालवून बसावे तिथेही लागे.

दोन्ही रीतींचा निकाल वेगळा लागतो याचा लख्ख पुरावा टेक्सासने ४ मार्च २००८ रोजी दिला. तिथे डेमोक्रॅटिक पक्ष एकाच दिवशी दोन्ही घेत असे. दिवसा प्रायमरी, आणि मतदान संपल्यावर रात्री कॉकस. दिवसाच्या मतदानात हिलरी क्लिंटन यांनी बराक ओबामांना मागे टाकले. रात्रीच्या सभांत ओबामा स्पष्ट पुढे गेले. दोन्हींची बेरीज झाल्यावर टेक्सासचे अधिक प्रतिनिधी ओबामांच्या पदरात पडले. २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातही असेच झाले. मार्चच्या कॉकसमध्ये सुमारे २ लाख ३० हजार लोक आले आणि बर्नी सँडर्स यांना जवळपास ७३ टक्के कौल मिळाला. मे महिन्यात झालेल्या प्रायमरीत आठ लाखांच्या आसपास मतदान झाले आणि क्लिंटन जिंकल्या. त्या प्रायमरीवर एकही प्रतिनिधी अवलंबून नव्हता आणि तोवर शर्यतही बरीचशी आटोपली होती, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. टेक्सासबाबत ही पळवाट नाही. तिथे दिवस एकच होता.

म्हणजे फरक दोन ठिकाणी पडतो. पहिला, कोण येऊ शकते. संध्याकाळचे दोन तास मोकळे असलेला, उत्साही, पोटतिडकीचा माणूस कॉकसला येतो. रात्रपाळीची परिचारिका, तान्हे मूल असलेली बाई, गुडघे धरलेला म्हातारा येत नाही. दुसरा फरक, आलेल्याकडे कोण बघते आहे.

पहिल्या फरकासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. डिचोली किंवा पेडणे तालुक्यातल्या कुठल्याही गावची ग्रामसभा बघावी. गोव्यात ग्रामसभा बहुधा रविवारी भरते, आणि रविवार म्हणजे बाजार, बारसे, लग्न, देवळातला कार्यक्रम. तरीही जे येतात ते तयारीने येतात. खाण, भंगार अड्डा, डोंगरकापणी, बाहेरच्याला दिलेला बांधकाम परवाना. आवाज चढतात, ठराव हात वर करून मंजूर होतात. मग पंचायत निवडणूक येते. त्या दिवशी ग्रामसभेला कधीच न फिरकलेला सगळा वाडा रांगेत उभा राहतो, आणि ज्याच्यावर ग्रामसभेने आगपाखड केली तोच पंच पुन्हा निवडून येतो. शहरातून आलेले कार्यकर्ते यावर ‘पैसे वाटले’ म्हणून मोकळे होतात. कधी वाटलेही असतील. पण पुष्कळदा खुलासा साधा असतो. ग्रामसभेत गावातली मोजकी माणसे बोलली होती, मतदानाला गाव आले.

दुसऱ्या फरकाची गोव्यातली थोर साक्ष मडगावपेक्षा खूप जुनी आहे, आणि मराठी माणसाच्या जिव्हारी लागलेली आहे. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पक्षाचे नावच त्याचा कार्यक्रम सांगत होते. जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला, मार्चमध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याला जोड दिली. रीत म्हणून बघितले, तर प्रश्न सुटला होता. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी उघडपणे उत्तर दिले होते.

डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे मात्र असे, की हा प्रश्न आमदारांना नव्हे, एकेका मतदाराला विचारा. दिल्लीने ते मानले. १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला, कारभार निःपक्ष राहावा म्हणून डिसेंबरमध्ये बांदोडकरांनी राजीनामा दिला, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकर मतदान केंद्रांवर गेले. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. पेडणे, डिचोली, सत्तरी या आमच्या बाजूच्या तालुक्यांत फुलाचे पारडे जड होते. निकाल इतर तालुक्यांच्या बेरजेने फिरवला.

आणि दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, याच मतदारांनी विलीनीकरण मागणाऱ्या मगो पक्षाला पुन्हा सत्ता दिली!

हे विसंगत वाटते, पण तसे नाही. विधानसभेची निवडणूक मतदारसंघागणिक जिंकायची असते. मगोला सुमारे चाळीस टक्के मतांवर बहुमत मिळत होते, कारण उरलेली मते वाटली जात होती. कौलात मते एकाच राशीत पडली. शिवाय निवडणुकीत प्रश्न होता, कुळांच्या आणि बहुजनांच्या बाजूने कोण उभे राहतो. कौलात विचारले गेले, गोवा वेगळा ठेवायचा का. बांदोडकरांवर जीव टाकणाऱ्या कितीतरी लोकांनी दोन प्रश्नांना दोन उत्तरे दिली, आणि ती देताना शेजारी कुणी बघत नव्हते. विलीनीकरणवाद्यांनी त्या काळी कौलाला फसवणूक म्हटले. मला वाटते, फसवले असेल तर ते १९६५ च्या ठरावाने. चाळीस टक्क्यांना त्याने शंभर समजून घेतले.

महाराष्ट्रात उघड्या आणि झाकलेल्या मतातला हाच फरक दहा दिवसांच्या अंतराने दिसला. १० जून २०२२ ला राज्यसभेची निवडणूक झाली. तिथे २००३ पासून पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. भाजपच्या उमेदवारांना मिळून १२३ मते पडली. २० जूनला त्याच आमदारांनी विधान परिषदेसाठी मत दिले, यावेळी गुप्त. भाजपची मते १३४ झाली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. त्याच रात्री शिवसेनेचे एकनाथ शिंदे बंड करून सुरतेकडे निघाले. गंमत अशी, की विधानसभा अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने करण्याचा नियम डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हा सत्तेवर असलेल्या महाविकास आघाडीनेच आणला होता. आपल्या सहकाऱ्यांवर विश्वास नाही, असा विरोधकांचा टोमणा होता. जुलै २०२२ मध्ये शिंदे गट आणि भाजपने राहुल नार्वेकर यांना १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष केले, ते उघड मतदानानेच. मडगावच्या वटहुकमाला एकट्या भाजपचा स्वभाव म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

मतदाराचे मत त्याचे स्वतःचे असते, म्हणून ते झाकलेले हवे. नगरसेवकाचे, आमदाराचे मत दुसऱ्यांनी दिलेली ठेव असते, म्हणून ते उघडे हवे. हा युक्तिवाद मला पटतो, आणि त्या आधारावर मडगावचा वटहुकूम चूक म्हणता येत नाही. अडचण एवढीच, की वर केलेला हात कोण मोजते. ज्या मतदारांनी नगरसेवक निवडला ते सभागृहात नसतात. पक्षाचे निरीक्षक असतात, आमदाराची माणसे असतात. हात मतदारासाठी उघडा केला असे सांगायचे आणि तो दिसतो पक्षाला.

तो वटहुकूम काढणाऱ्या सरकारचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत आमच्या साखळीचे आमदार. त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेल्या विधानसभा निवडणुकीत ते काँग्रेसच्या धर्मेश सगलानींपेक्षा अवघ्या ६६६ मतांनी पुढे राहिले. साखळीच्या मतदारांना विठ्ठल मंदिरापुढच्या मैदानात जमवून हात वर करायला लावले असते, तर मुख्यमंत्र्यांविरुद्ध किती हात वर गेले असते? माझा अंदाज, फरक काही हजारांचा दिसला असता. मे २०२३ मध्ये साखळी नगरपालिकेच्या १२ पैकी ११ जागा भाजपच्या पाठिंब्यावरच्या उमेदवारांनी जिंकल्या. त्यानंतर नगराध्यक्ष निवडताना हात वर केले काय आणि चिठ्ठी टाकली काय, निकाल एकच लागणार होता.