उंदीर, पिसू आणि पुरावा

शास्त्र म्हणजे काय, असे कोणी विचारले की आपण बहुधा शास्त्राने लावलेल्या शोधांची यादी सांगू लागतो. आगगाडी, विजेचा दिवा, देवीची लस, पेनिसिलिन. ही झाली शास्त्राची मिळकत. मिळकत मोजून दाखविली म्हणून धंदा कसा चालतो ते कळत नाही. ते कळायला एखादा प्रश्न सुटण्यापूर्वी शहाण्यासुरत्या माणसांची काय त्रेधा उडाली होती, ते पाहावे. असे एक उदाहरण आपल्या अगदी अंगणातले आहे. प्लेगचे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी काही रोग्यांना प्लेग झाल्याचे ओळखले. पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. शहर ओस पडले, रोग पुण्यास पोचला, तेथे रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या, आणि घरझडत्यांच्या जुलमाचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. हा इतिहास आपण पुष्कळदा ऐकतो. त्याच वेळी चाललेला दुसरा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

प्लेगचा जंतू तोवर सापडला होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सां याने तो रोग्यांच्या गाठींत पाहिला, आणि मेलेल्या उंदरांतही पाहिला. तेव्हा रोग कशाने होतो, हे माहीत होते. तो एका माणसापासून दुसऱ्या माणसापर्यंत पोचतो कसा, हे माहीत नव्हते. आणि सरकारला तर उद्या सकाळी काहीतरी करावयाचे होते! मग रोग घाणीतून येतो, माणसाच्या स्पर्शाने येतो, कपड्यालत्त्यांतून येतो, असे धरून जमिनी खणल्या, कौले काढली, भिंतींना चुना फासला, सामानसुमान जाळले, कार्बोलिकचे पाणी ओतले. माणसाचा राग ओढवून घेणारी ही सारी मेहनत पिसवेच्या दृष्टीने बव्हंशी निरुपद्रवी होती. घर खणल्यावर उंदीर शेजारच्या घरात जाई, एवढाच काय तो फरक.

सामान्य लोकांना मात्र एक गोष्ट दिसत होती. आधी उंदीर पडतात, मग माणसे पडतात. म्हणून उंदीर पडू लागले की घराला कुलूप घालून माळावर झोपड्या ठोकाव्यात, ही रीत पडली, आणि तिचा गुणही येई. आता कोणी म्हणेल की मग शास्त्रज्ञ हवेत कशाला? जे घडते ते लोकांनी बरोबर टिपले होते, यात शंका नाही. पण एकामागून दुसरे घडते एवढ्यावरून पहिल्यामुळे दुसरे घडते, असे ठरत नाही. उंदीर आणि माणूस दोघेही एकाच विषारी जमिनीमुळे मरत असतील. उंदीर जमिनीजवळ राहतो म्हणून आधी मरत असेल. निरीक्षण एकच, आणि त्यातून निघणारे अर्थ मात्र दोन. यांतला कोणता खरा, हे नुसते अधिक बारकाईने पाहून ठरणार नव्हते. त्यासाठी प्रयोग हवा होता.

तो पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने केला. हा पाश्चर संस्थेचा माणूस १८९७ मध्ये हिंदुस्थानात आला होता. काही रोग्यांच्या अंगावर त्याला बारीक फोड दिसले, आणि त्या फोडांत प्लेगचे जंतू सापडले. कुठलासा किडा येथे चावला असावा, अशी शंका त्याला आली. दुसरी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणाऱ्यांना रोग होई, पण मरून बराच वेळ झालेला, थंडगार उंदीर उचलणारे सहीसलामत राहत. उंदराच्या अंगातले जंतू तर तेथेच होते. मग अंगावरून गेले ते काय? पिसवा. उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडून जातात.

२ जून १८९८ रोजी कराचीत त्याने एका काचेच्या बरणीत पिसवा असलेला प्लेगचा उंदीर ठेवला, आणि त्याच बरणीत एका जाळीच्या पिंजऱ्यात धडधाकट उंदीर असा टांगला की त्याचा आजाऱ्याला स्पर्श होऊ नये, पिसवांना मात्र उडी मारून पोचता यावे. काही दिवसांनी धडधाकट उंदीर प्लेगने मेला. पिसवा नसलेला आजारी उंदीर निरोगी उंदरांबरोबर ठेवला, तेव्हा ते जगले. प्रयोगाचा सारा जीव या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. पहिला अर्धा आपले म्हणणे बरोबर असेल तर काय होईल ते दाखवितो, दुसरा अर्धा ते चूक असते तर काय दिसले असते ते तपासतो.

आता कथा येथेच संपावी, असे वाटते. संपली मात्र नाही. सिमाँचे म्हणणे बहुतेकांनी मानले नाही. सरकारने नेमलेल्या पहिल्या प्लेग कमिशननेही ते ग्राह्य धरले नाही. अशा वेळी आपण चटकन सिमाँला नायक आणि इतरांना अडाणी ठरवून मोकळे होतो. माझ्या मते हा अन्याय आहे. त्याचे प्रयोग थोडे होते, उंदीर मूठभर होते. इतरांनी ते करून पाहिले तर कित्येकांना यश येईना. शिवाय उंदरावरची पिसू माणसाला चावतच नाही, असा युरोपात तपासून घेतलेला आक्षेप होता. जे आपल्याला करून पाहता येत नाही ते मानायचे नाही, हा हट्ट त्रासदायक खरा, पण तो सोडला तर वैदूच्या मुळीत आणि औषधात फरक राहत नाही.

आक्षेपाचे उत्तर मुंबईत सापडले. ग्लेन लिस्टन याने १९०४ च्या सुमारास दाखविले की मुंबईच्या उंदरांवर जी पिसू मुख्यतः असते ती युरोपातल्या उंदरांवरची नव्हे. चार्ल्स रॉथशिल्ड याने इजिप्तकडच्या नमुन्यांवरून १९०३ मध्ये वर्णिलेली ही निराळी जात, आणि ही उंदीर मिळेनासा झाला की खुशाल माणसाला चावते. उंदीर मेलेल्या घरांतील माणसांच्या अंगावर लिस्टनला ती सापडली. म्हणजे युरोपातले आक्षेपकही खरेच बोलत होते, मात्र दुसऱ्याच पिसवेविषयी!

१९०५ पासून नव्या कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत (हिलाच १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले) कामाला हात घातला. मुद्दाम लहान लहान घरे बांधली. त्यांत आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. पिसवा नसल्या तर एकमेकांच्या मलमूत्रात लोळूनही रोग पसरेना, पिसवा सोडल्या की साथ सुरू. मग जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातला गिनीपिग मेला, दोन फुटांवरचा वाचला. रोग हवेतून येत असता तर या दोन फुटांचे त्याला काय होते? पिसवेला मात्र तेवढी उडी मारता येत नाही. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा पट्टा पसरला तरी आतले जनावर वाचे, आणि कागदावर पिसवा चिकटलेल्या आढळत.

याबरोबरच मुंबईभर उंदीर गोळा करून फाडून पाहिले जात होते, वर्षाला लाखावर. या कंटाळवाण्या कामाचा उल्लेख चरित्रांत येत नाही, पण त्यातूनच क्रम स्पष्ट झाला. आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत रोग वाढतो, मग सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसांत. माळावर जाण्याची रीत का लागू पडे, हेही आता कळले. उंदीर मेलेल्या घरात भुकेल्या पिसवा मागे राहत, आणि माणूस तेथे नसे.

तरीही एक प्रश्न उरलाच. पिसू जंतू टोचते ती कशी? १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी लंडनमध्ये पाहिले की जंतू वाढून पिसवेच्या जठराच्या तोंडाशी बोळा बसतो. तिची भूक भागत नाही, ती पुन्हा पुन्हा चावते, आणि शोषलेले रक्त बोळ्यावर आपटून जंतूंसकट जखमेत परत येते. ही उपपत्ती जवळजवळ शंभर वर्षे पुस्तकांत राहिली. २००६ पासूनच्या प्रयोगांनी दाखविले आहे की काही जातींच्या पिसवा हा बोळा बसण्याआधीही रोग पोचवू शकतात. मध्ययुगातल्या युरोपातील साथीत मुख्य वाहक उंदरावरची पिसू होती की माणसाच्या अंगावरच्या पिसवा आणि उवा, याविषयीचा वाद तर अजून चालू आहे.