पाचवींत जाणारें मूल आणि त्याचें घर

जून महिना लागला कीं वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दिसतात. १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. म्हणून एरवीं समुद्रावर असणारे नाखवे घरीं राहून जाळीं दुरुस्त करीत बसतात. त्याच महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात. कोळीवाड्याच्या अरुंद बोळांतून आणि सात बंगला, यारी रोड येथील उंच इमारतींतून नवे गणवेश घातलेलीं मुलें सारख्याच उत्साहानें बाहेर पडतात. वह्या, पुस्तकें, रेनकोट, बूट यांची खरेदी मे महिन्यांतच आटोपलेली असते. या खरेदींत कोणतेंच घर कमी पडत नाहीं. परंतु ज्या घरचें मूल यंदा चौथींतून पाचवींत जात आहे, त्या घराला आणखी एक तयारी करावयाची असते. ती दुकानांत मिळत नाहीं आणि पुष्कळ सुशिक्षित घरांतही ती राहून जाते.

दहाव्या-अकराव्या वर्षीं मुलाच्या शाळेचा उंबरठा बदलावा, ही रीति आपल्याकडे जुनी आहे. ब्रिटिश अमदानींत मुंबई इलाख्यांतील मूल मराठी चौथी झालें कीं इंग्रजी पहिलींत जाई. पुढें इयत्तांचीं नांवें बदललीं, तरी चौथी आणि पाचवी यांच्यामधली ही रेघ महाराष्ट्रांत बराच काळ टिकून राहिली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा मात्र पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे दोन भाग धरतो, आणि २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही मधला टप्पा सहावीपासूनच मोजतें. त्यामुळें कांहीं शाळांत हा बदल पाचवीला येतो, तर कांहींत सहावीला. आपलें मूल ही रेघ कोणत्या वर्षीं ओलांडणार, हें पालकांनीं आधींच विचारून ठेवावें. येथें पाचवी असा उल्लेख असला, तरी सांगितलेल्या गोष्टी सहावीलाही तितक्याच लागू आहेत.

या बदलाचीं बाह्य लक्षणें सहज मोजतां येतात. वरील कायद्याप्रमाणें पहिली ते पाचवीस वर्षाला कामाचे २०० दिवस व ८०० तास अध्यापन हवें. सहावी ते आठवीस तेंच २२० दिवस व १,००० तास. धाकट्या मुलांची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असा संकेत आहे. मोठ्या मुलांसाठीं तेंच अंतर तीन किलोमीटर धरलें आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें राज्य शासनानें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊ वाजतां किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय केला. पाचवीला तें संरक्षण नाहीं, आणि सातची शाळा तिच्या वांट्यास येऊं शकते. एकंदरींत शाळा लांब जाते, वेळ वाढतो आणि झोप घटते.

तथापि खरा बदल या आंकड्यांत दिसत नाहीं. चौथीपर्यंत बहुतेक शाळांत वर्गाला एकच बाई किंवा एकच गुरुजी असतात. सकाळच्या प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत मूल त्यांच्याच नजरेखालीं असतें. कोणाला फळ्यावरचें दिसत नाहीं, कोण हळू लिहितो पण अचूक लिहितो, कोणाला मोठ्यानें वाचावयास सांगितलें कीं घशाला कोरड पडते, कोण रागावल्यावर गप्प होतो आणि कोण रडतो, हें सारें त्या एका माणसाला ठाऊक असतें. पाचवींत गणिताचे शिक्षक निराळे, इंग्रजीचे निराळे, विज्ञानाचे निराळे. दर घंटेला एक जण जातो आणि दुसरा येतो. प्रत्येक शिक्षकाला त्या मुलाचा एकेक विषय दिसतो. सबंध मूल कोणालाच दिसत नाहीं. यांत शिक्षकांचा दोष नाहीं. दिवसांतून चार-पांच वर्ग शिकविणाऱ्या माणसाला दीड-दोनशें मुलांचे स्वभाव जूनमध्येंच कळणें शक्य नसतें. परंतु पूर्वीच्या बाईंनीं चार वर्षें जमविलेली ही माहिती चौथीच्या निकालाबरोबर हरवते, आणि प्रगतिपुस्तकांत ती कोठेंच लिहिलेली नसते.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाहीं. अमेरिकेंत १९०९ सालीं ओहायो संस्थानांतील कोलंबस शहरीं मधल्या इयत्तांची स्वतंत्र शाळा निघाली, आणि ती पद्धति त्या देशभर पसरली. पुढें तिचे परिणाम तपासण्यांत आले. रोबर्टा सिमन्स व डेल ब्लाइथ यांनीं मिलवॉकी शहरांतील मुलांचा कित्येक वर्षें मागोवा घेऊन १९८७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. आठवीपर्यंत एकाच शाळेंत राहिलेल्या मुलींच्या मानानें, सातवीला नव्या मोठ्या शाळेंत गेलेल्या मुलींचा स्वतःवरील विश्वास कमी झाल्याचें त्यांना आढळलें; आणि शाळाबदल, शरीरबदल अशा अनेक गोष्टी एकाच वेळीं वांट्यास आलेल्या मुलांना त्या अधिक जड गेल्या. २०१० सालीं न्यूयॉर्कमधील शाळांविषयीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, मधल्या शाळेंत गेलेल्या मुलांचे गणिताचे व इंग्रजीचे गुण बदलाच्या वर्षींच घसरल्याचें दिसलें. आपली व्यवस्था निराळी, मुलें निराळीं. तरी एक बोध घेण्यासारखा आहे. पाचवीच्या पहिल्या चाचणींत गुण उतरले, तर मूल आळशी झालें असा निकाल लगेच देऊं नये. त्याच्या पायाखालची जमीनच बदललेली असते.

मग घरानें काय करावें? पहिलें काम एप्रिलचें आहे. निकालाच्या आधीं चौथीच्या बाईंना भेटावें आणि त्यांना एकच प्रश्न विचारावा : "या मुलाविषयीं नव्या शिक्षकांना काय ठाऊक असावें, असें आपणांस वाटतें?" त्या जें सांगतील, त्यांतील तीन-चार गोष्टी कागदावर उतरून घ्याव्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर, गडबड ओसरली म्हणजे, तो कागद पांचवीच्या वर्गशिक्षकांच्या हातीं द्यावा. मुलाच्या हुशारीचें वर्णन त्यांत नको. "उजव्या डोळ्याला चष्मा आहे, पण तो लावण्याची लाज वाटते", "तोंडी गणित चांगलें येतें, लिहितांना पायऱ्या गाळतो", एवढें पुरे. दोन शाळांमध्यें जो दुवा तुटतो, तो जोडण्याचें काम घराखेरीज दुसरें कोणी करीत नाहीं.

दुसरें काम रस्त्याचें. वर्सोव्यांतील पुष्कळ मुलें पाचवीला अंधेरीकडील शाळेंत जातात. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून अंधेरीचें अंतर जवळचें झालें. तरी दहा वर्षांच्या मुलाला गर्दी ती गर्दीच. मे महिन्यांत शाळेच्याच वेळेला तो रस्ता मुलाबरोबर चालून पाहावा. पहिले दोन दिवस हात धरून, नंतर दहा पावलें मागून, आणि मग मुलानें पुढें होऊन रस्ता दाखवावा. बस चुकली तर काय, पावसानें अंधेरीच्या सबवेंत पाणी तुंबलें तर काय, कोणाला विचारावें आणि कोणाबरोबर जाऊं नये, हे प्रश्न घरीं बसून सोडवावे. दोन दूरध्वनि-क्रमांक मुलाला तोंडपाठ हवेत; यंत्रांत साठविलेला क्रमांक यंत्र बंद पडलें म्हणजे उपयोगी पडत नाहीं.

तिसरें काम दप्तराचें. चौथीपर्यंत आईनें दप्तर भरलें असेल, तर पाचवीच्या पहिल्या दिवसापासून तें मुलानें भरावें. वेळापत्रकाची एक प्रत भिंतीवर लावावी आणि रात्रीं जेवणापूर्वीं दुसऱ्या दिवसाचीं पुस्तकें काढून ठेवण्याची संवय लावावी. २०२० च्या दप्तर-धोरणाप्रमाणें दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावें; म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो. वेळापत्रक पाहून भरलेलें दप्तर बहुधा हलकें असतें. भीतीनें भरलेलें जड असतें, कारण त्यांत सगळ्या विषयांचें सगळेंच कोंबलेलें असतें. एखादे दिवशीं वही विसरली, तर आईनें रिक्षा करून ती शाळेंत पोंचवूं नये. बोलणीं एकदां खाल्लीं म्हणजे मूल दुसऱ्यांदा वेळापत्रक पाहतें.

गृहपाठाचेंही तसेंच. पूर्वीं एकच बाई बेतानें अभ्यास देत. आतां चार शिक्षक एकाच दिवशीं अभ्यास देतात, आणि एकाला दुसऱ्याचें ठाऊक नसतें. म्हणून कोणत्या विषयाचा अभ्यास कोणत्या वारीं द्यावयाचा, हें मुलानें रोजनिशींत लिहावें आणि रविवारीं वडील माणसानें त्याच्याशेजारीं बसून आठवड्याची वांटणी करून घ्यावी. शेजारीं बसावें, पण लेखणी हातीं घेऊं नये. जूनमध्येंच शिकवणी लावण्याची घाईही करूं नये. नव्या शाळेची ओळख होण्यापूर्वीं तिसरी शाळा मुलाच्या मागें लागते.

झोपेचा हिशेब सोपा आहे, पण तो घरोघर चुकतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यांच्या संस्थेनें २०१६ सालीं ठरविलें. शाळा सातची, उठणें साडेपांचचें. तर रात्रीं साडेआठला दिवा मालवला पाहिजे. दहा वाजेपर्यंत दूरदर्शन चालू असलेल्या घरांत मूल एकटें लवकर झोपत नाहीं. येथें मुलाला उपदेश करण्यापेक्षां वडील माणसांनींच आपली रात्र थोडी अलीकडे आणावी, आणि शाळा उघडण्याच्या पंधरा दिवस आधीं सुरुवात करावी.

आणखी एक विषय संकोचामुळें टाळला जातो. याच वयांत मुलींना ऋतुप्राप्ति होऊं शकते. ती शाळेंत अकस्मात् झाली आणि आधीं कोणी कांहींच सांगितलेलें नसलें, तर मुलगी घाबरून जाते आणि कित्येक दिवस शाळेचें नांव घेत नाहीं. आईनें, मावशीनें किंवा थोरल्या बहिणीनें पाचवीपूर्वींच दोन शांत शब्दांत ती गोष्ट सांगावी, दप्तरांत आवश्यक तें ठेवावें आणि शाळेंतील कोणत्या बाईंकडे जावयाचें हेंही ठरवून द्यावें. मुलग्यांनाही शरीर बदलणार आहे हें वडिलांनीं सांगावें. अर्धवट माहिती मित्रांकडून मिळते आणि ती क्वचितच बरोबर असते.

परीक्षेविषयीं पालकांनीं नियम जाणून घ्यावा. २०२३ सालीं महाराष्ट्रानें पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. तींत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला अधिक मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आंत फेरपरीक्षा मिळते. तींतही तें उतरलें नाहीं, तर त्याच वर्गांत राहतें. हा नियम मुलाला धाक म्हणून रोज ऐकवूं नये. त्याचा उपयोग एवढाच, कीं उणीव कोठें आहे हें दिवाळीपूर्वीं शोधावें, मार्चची वाट पाहूं नये.

या साऱ्यांत रोजचें एक काम आहे, आणि तेंच सर्वांत महत्त्वाचें. संध्याकाळीं मुलाचें ऐकून घेणारें कोणी तरी घरीं हवें. "किती गुण पडले?" या प्रश्नाला मूल एका शब्दांत उत्तर देतें आणि संभाषण संपतें. त्याऐवजीं विचारावें : "आज कोणाशेजारीं बसलास? कोणता तास लांब वाटला? कोणी तुला हसलें कां?" हे प्रश्न विचारावयास पदवी लागत नाहीं. पहाटे मासळीसाठीं बाहेर पडणाऱ्या आईच्या घरीं ते आजी विचारूं शकते, तिला अक्षरओळख नसली तरी. कचेरींतून रात्रीं आठला परतणारे आईबाप जेवतांना ते विचारूं शकतात. ज्या मुलाला सोमवारीं सकाळीं नेमानें पोट दुखतें, जें रोजनिशी लपवितें, ज्याच्या बोलण्यांत एकाही मित्राचें नांव येत नाहीं, त्याच्याविषयीं पंधरा दिवसांच्या आंत वर्गशिक्षकांना भेटावें. आणि तें मुलासमोर नव्हे. शाळा सोडणारीं मुलें एका दिवसांत शाळा सोडीत नाहींत. आधीं तीं सांगावयाचें सोडतात, मग एकेक दिवस चुकवितात, आणि पटावरचें नांव सर्वांच्या शेवटीं जातें.

कोळीवाड्यांतील घरांना या बाबतींत एक अनायासें मिळालेली सोय आहे. वर्षांतील इतर दिवशीं समुद्रावर असणारा बाप नेमका मुलाच्या नव्या शाळेच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांत घरीं असतो. मुलाबरोबर रस्ता चालावयास, वर्गशिक्षकांना भेटावयास आणि संध्याकाळीं ऐकून घ्यावयास एवढा काळ पुरेसा आहे. इमारतींतील घरांना ती सुट्टी कोणी देत नाहीं. त्यांनीं ती रोज अर्ध्या तासाची कां होईना, काढली पाहिजे.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला जातो आणि होड्या पुन्हां पाण्यांत लोटल्या जातात. त्या दिवशीं प्रत्येक घरानें तीन गोष्टी पाहाव्या : मूल आपलें दप्तर आपण भरतें कां, शाळेंतील एका तरी शिक्षकाला तें मनांतलें सांगूं शकतें कां, आणि घरीं आल्यावर विचारण्यापूर्वींच कांहीं सांगूं लागतें कां. तिन्हींचें उत्तर होय असेल, तर पहिल्या चाचणीच्या गुणांची काळजी करण्याचें कारण नाहीं. एखाद्याचें उत्तर नाहीं असेल, तर वर्ष अजून पुष्कळ शिल्लक आहे; त्या एका गोष्टीपासून दुसऱ्या दिवशीं सुरुवात करावी.