रेव्हरंड नारायण शेषाद्री

ज्या पुरुषानें आपला धर्म सोडला त्याच्या गुणांची आठवण काढूं नये, असा एक अलिखित नियम आमच्या शिष्ट समाजांत पडून गेला आहे. या नियमापायीं आम्हीं किती माणसें गमावलीं याचा जमाखर्च कोणी मांडला, तर खर्चाच्या बाजूस रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचें नांव बरेंच वर लिहावें लागेल. जालन्याच्या परिसरांतील शेकडो गरीब कुटुंबांचे ते पाळक होते. धर्मोपदेशक म्हणून त्यांचें मूल्य ख्रिस्ती मंडळीनें ठरवावें. आम्हांस त्यांचें चरित्र आठवतें तें दुसऱ्या कारणासाठीं.

नारायण व श्रीपत हे दोघे बंधु ब्राह्मण कुळांतले. मुंबईंत स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत ते शिकत होते. सप्टेंबर १८४३ मध्यें थोरल्या नारायणानें बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत तेव्हां अज्ञान होता. तोहि मिशनरींच्या घरीं राहूं लागला. वडिलांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टाकडे धांव घेतली आणि मुलगा अज्ञान, सबब त्याचा ताबा बापाकडे, असा निकाल त्यांनीं मिळविला. कायद्याच्या दृष्टीनें हा निकाल चमत्कारिक म्हणतां येणार नाहीं.

परंतु खरा दावा या निकालानंतरच उभा राहिला. श्रीपतानें मिशनरींच्या घरीं अन्न खाल्लें होतें. त्याला जातींत घ्यावें कीं न घ्यावें? १८३२ सालीं 'दर्पण' पत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रायश्चित्त देऊन मुलाला शुद्ध करून घ्यावें, असा पक्ष उचलला. शास्त्राधार होता, मुलाचें वय कोवळें होतें, बाप पदर पसरून उभा होता. तरीहि सनातनी मंडळींनीं रान उठविलें आणि स्वतः बाळशास्त्र्यांनाच बहिष्काराची भीति घातली. कोर्टाचा हुकूम मुलाला उंबरठ्यापर्यंत आणूं शकतो. पंक्तींत पाट मांडणें त्याच्या हातीं नसतें. तें काम समाजाचें, आणि समाज तेथें उणा पडला.

इकडे थोरला बंधु ज्या मंडळींत गेला ती स्कॉटलंडची फ्री चर्च ही प्रेस्बिटेरियन पंथाची. या पंथांत बिशपाची गादी नाहीं. प्रत्येक मंडळी आपले वडील निवडते आणि पाळक व वडील यांच्या सभेच्या विचारानें कारभार चालतो. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी हेहि याच मंडळीचे पाळक होते. नारायणरावांना पाळकपदाची दीक्षा १८५४ मध्यें मिळाली. इंग्रजीवर प्रभुत्व, ब्राह्मणकुळाचा संस्कार, मुंबईचा परिचय, एवढें भांडवल गांठीं असतां ते शहरांतच मानानें राहूं शकले असते. त्यांनीं निवडलें तें तत्कालीन निजामाच्या राज्यांतील जालनें.

तेथें त्यांच्या उपदेशाकडे वळले ते मुख्यतः मांग व महार या जातींतील लोक. गांवकुसाबाहेर राहणारा, वतनाच्या नांवाखालीं राबणारा, सार्वजनिक विहिरीवर ज्याची सावलीहि चालत नसे, असा हा वर्ग. सर सालारजंग दिवाण असतांना निजाम सरकारकडून जालन्याजवळ जमीन मिळवून नारायणरावांनीं या लोकांची एक नवी वसाहत उभारली. तिचें नांव बेथेल, म्हणजे देवाचें घर. तेथें प्रार्थनामंदिराबरोबर शाळा होती, शेती होती, हातांना कामधंदा होता. नुसत्या उपदेशानें पोट भरत नाहीं, आणि नुसत्या अन्नानें मान वर होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या प्रॉटेस्टंट पंथीयांच्या मोठ्या परिषदेंतहि ते हजर होते. १८९१ मध्यें अमेरिकेच्या प्रवासाहून परततांना समुद्रावरच त्यांचा अंत झाला.

यावर आमचे कित्येक वाचक म्हणतील कीं, ही सारी धर्मांतराची युक्ति. परकी राज्याच्या छायेंत चाललेल्या मिशनची तरफदारी राष्ट्राभिमान्यानें कां करावी? मिशनरींच्या मागें राज्यकर्त्यांचें वजन होतें हें आम्ही नाकारीत नाहीं, आणि गरजूच्या गरजेवर श्रद्धेचा सौदा होऊं नये हेंहि आमचें मत आहे. पण प्रश्न उलट बाजूनें विचारून पाहावा. ज्या ब्राह्मणाच्या मुलानें मांगवाड्यांत जाऊन मुलांच्या हातीं पाटी दिली, त्याच्या आधीं तेथें किती शास्त्री, किती सावकार, किती वकील गेले होते? घर आपण ओस ठेवावें आणि दुसऱ्यानें त्यांत दिवा लावला म्हणून फिर्याद करावी, ही फिर्याद कोणत्या न्यायासनापुढें टिकेल?

निजामाचें राज्य १९४८ सालीं संपलें. १९५० मध्यें अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. कायद्यानें आपला वाटा उचलला. परंतु श्रीपताच्या प्रकरणांत दिसलें तेंच आजहि दिसतें. भाड्यानें घर देतांना आडनांव विचारणारा मालक, दुकानांत नोकर ठेवतांना जात चांचपणारा व्यापारी, यांच्या मनापर्यंत कलम पोंचत नाहीं. आमच्या पेठेंतील सुज्ञ व्यापाऱ्यांनीं आणि सुशिक्षित गृहस्थांनीं या पाळकाचा धर्म घेण्याची मुळींच आवश्यकता नाहीं. त्यांचें काम तेवढें घ्यावें. वस्तींतील एका मुलाची फी भरावी, एका होतकरू तरुणास गादीशेजारीं बसवून हिशेब शिकवावा, आपल्या घरच्या पंक्तींत एक पाट जास्त मांडावा. तेवढें झालें, तर माणसें आपणांस सोडून कां जातात, हा प्रश्न दुसऱ्यास विचारण्याची पाळी आमच्यावर येणार नाहीं.