प्रतिनिधींच्या माथ्यावर नागरिक

बर्लिनमधील राइशस्टाग ही संसदेची वास्तू १८९४ मध्ये पूर्ण झाली; १९३३ च्या आगीत तिचे सभागृह जळाले. जर्मनीच्या एकीकरणानंतर वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांनी जुन्या दगडी भिंती राखून तिच्यावर काचेचा नवा घुमट उभारला. १९९९ पासून संसद पुन्हा तेथे भरते. घुमटातील सर्पिल मार्गाने सामान्य नागरिक थेट सभागृहाच्या वर जातात. मधला ३६० आरशांचा शंकू सभागृहात सूर्यप्रकाश पोहोचवितो, तेथील तापलेली हवाही वर वाहून नेतो. नागरिक वर आणि प्रतिनिधी खाली, ही रचना हेतुपुरस्सर आहे. मात्र कामकाज पाहता येणे म्हणजे निर्णयात सहभाग मिळणे नव्हे. म्हणूनच सरकारी वास्तूचा विस्तार आखताना दर्शनी काचेआधी जनसुनावणीच्या दालनाला जागा हवी.