पियर्स जबलपूरचा, पटेल न्यूझीलंडचा!

चला, नावावरून हॉकीपटूचा देश ओळखू. पहिलं नाव सोपं आहे: एरिक पियर्स.

ऑस्ट्रेलिया म्हणालात ना? बरोबर. १९५६ ते १९६८ अशी ओळीनं चार ऑलिंपिक तो ऑस्ट्रेलियाकडून खेळला. आता जन्मगाव सांगा. जबलपूर! आणि तो एकटा नव्हता. सेसिल, मेल, एरिक, गॉर्डन, ज्युलियन हे पाच सख्खे भाऊ, आणि पाचही जण ऑस्ट्रेलियाच्या संघात खेळले. स्वातंत्र्याच्या सुमारास हे अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियात पर्थला जाऊन राहिलं. १९६८ला मेक्सिकोत ऑस्ट्रेलियानं उपांत्य फेरीत भारताला २-१ असं हरवलं. त्या ऑस्ट्रेलियन संघात पियर्स होते. म्हणजे आपल्याच प्रांतात हातात धरलेली स्टिक आपल्यावर उलटली.

आता लेस्ली क्लॉडियस. हा तरी परदेशी असणार? मुळीच नाही. हा अस्सल भारतीय, जन्म १९२७, गाव बिलासपूर. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, एक रौप्य आणि १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचं कर्णधारपद. त्या काळी बिलासपूर, जबलपूर आणि आमचं बुऱ्हाणपूर, तिन्ही गावं एकाच प्रांतात होती: मध्य प्रांत, राजधानी नागपूर.

रेल्वेचा धागा तर त्याहून पक्का. १८७० साली मुंबईचा लोहमार्ग जबलपूरला जाऊन कोलकात्याच्या मार्गाला मिळाला, तो भुसावळ, बुऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी असाच. जबलपूरमार्गे हावड्याला जाणारी मेल आजही आमच्या बुऱ्हाणपूरच्या लालबागमधल्या स्टेशनातूनच जाते. भुसावळ, जबलपूर अशा मोठ्या जंक्शनांवर रेल्वे कॉलन्या उभ्या राहिल्या. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन बरेचसे अँग्लो-इंडियन, आणि ड्यूटी संपली की हॉकी. १९२८ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये भारतानं पहिलं सुवर्ण जिंकलं तेव्हा ध्यानचंद आणि कर्णधार जयपालसिंग यांच्या जोडीला अ‍ॅलन, पिनिगर, हॅमंड, नॉरिस, सीमन ही मंडळी होती. नुसती यादी वाचली तर संघ इंग्लंडचा वाटावा. गोलरक्षक रिचर्ड अ‍ॅलननं तर त्या स्पर्धेत एकही गोल होऊ दिला नाही!

पुढचा प्रश्न अवघड आहे आणि मनाला लागणाराही. लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन. भारत की पाकिस्तान?

दोन्ही उत्तरं बरोबर. दोघंही भोपाळकडून खेळणारे. १९४८ला लंडनमध्ये दोघांनी भारताकडून सुवर्ण मिळवलं, वेम्ब्लीवरच्या अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० नमवून. पुढे दोघं पाकिस्तानात गेले. १९५६ला मेलबर्नमध्ये अंतिम सामना लागला भारत-पाकिस्तान, भारत १-० जिंकला आणि या दोघांच्या वाट्याला पाकिस्तानकडून रौप्य आलं. ज्या देशासाठी सुवर्ण जिंकलं, त्याच देशाविरुद्ध आठ वर्षांनी सुवर्ण हुकलं. मला तर हॉकीतल्या सगळ्या गोष्टींत हीच सर्वांत मोठी वाटते. फाळणीनं आणखी एकाचा देश बदलला: अली इक्तिदार शाह दारा. १९३६ला बर्लिनला त्याला ऐनवेळी बोलावून घेतलं, तो भारताकडून सुवर्ण जिंकला, आणि १९४८ला पाकिस्तानच्या पहिल्या ऑलिंपिक संघाचा कर्णधार झाला.

नावातल्या ‘शाह’वरून काय ओळखणार? बुऱ्हाणपूरच्या बाजारात शाह गुजराती जैनही असतो आणि मुसलमानही. पटेलांचं तेच. गुजराती पटेल आहेत, खानदेशाकडचे मुसलमान पटेल आहेत, आणि काही गावांत पटेल म्हणजे नुसता गावचा मुखिया. त्यामुळे रमेश पटेल आणि मोहन पटेल ही नावं वाचून आमच्याकडचा माणूस विचारेल, ‘कोणत्या मोहल्ल्यातले?’ तर हे दोघे न्यूझीलंडचे! १९७६ला माँट्रियलमध्ये न्यूझीलंडनं ऑस्ट्रेलियाला १-० हरवून सुवर्ण पटकावलं, त्या संघात दोन्ही पटेल होते. भारत त्या ऑलिंपिकमध्ये सातवा आला आणि पहिल्यांदाच हॉकीत रिकाम्या हातानं परतला. पटेलांना सुवर्ण मिळालं, फक्त जर्सी वेगळी होती.

अवतारसिंग सोहल? पंजाब म्हणाल तर चुकलात. केनिया! तीन ऑलिंपिकमध्ये केनियाचा कर्णधार. हिलरी फर्नांडिस, एडगर फर्नांडिस, अलू मेंडोंसा? गोव्याची नावं, संघ पुन्हा केनियाचाच. १९७१च्या पहिल्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकासाठी भारताची गाठ याच केनियाशी पडली आणि भारतानं ती २-१ अशी जेमतेम जिंकली. दोन्ही संघांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर कुठली कोणाची, हे सांगायला थांबावंच लागेल. जॅक ब्रिटो हेही गोव्याकडचंच नाव; तो १९५२च्या ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानकडून खेळला.

आता झटपट. मायकेल किंडो: भारत, १९७५चा विश्वविजेता. सिल्व्हानस डुंगडुंग: भारत, १९८०च्या मॉस्को सुवर्णाचा मानकरी. दोघंही झारखंड-ओडिशाच्या आदिवासी पट्ट्यातले. किंडो, डुंगडुंग, तिर्की, लाक्रा, एक्का ही तिथली घरोघरची आडनावं. स्टीफन व्हॅन हुइझेन: डच वाटतो, आहे मलेशियाचा. आर्थर व्हॅन डोरेन, फ्लोरेंट व्हॅन ऑबेल: इथेही डच म्हणून फसाल, दोघं बेल्जियमचे, टोकियोचे सुवर्णविजेते. इम्रान शेरवानी: ब्रिटन, १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीवर दोन गोल. त्याच संघातला कुलबीर भौरा मूळचा जालंधरचा.

गोन्झालो पेइलाट हे नाव स्पॅनिश, आणि २०१६ला रिओत तो अर्जेंटिनाकडून सुवर्ण जिंकला, स्पर्धेत सर्वाधिक ११ गोल करून. मग तो जर्मनीचा झाला, २०२३ला ओडिशात विश्वविजेता ठरला, आणि २०२४ला पॅरिसच्या उपांत्य फेरीत जर्मनीचा भारतावरचा पहिला गोल त्यानंच केला. पुढे मिळालं रौप्य. भोपाळच्या त्या दोघांसारखी याच्याकडेही दोन देशांची ऑलिंपिक पदकं, फरक एवढाच की यानं देश आपल्या मर्जीनं बदलला. पॅरिसमधल्या भारताच्या संघात विवेक सागर प्रसाद होता, इटारसीजवळच्या चांदोनचा, म्हणजे आमच्याच रेल्वेमार्गावरचा.

शेवटचं नाव खास मराठी वाचकांसाठी: तुषार खांडेकर, २०१२च्या लंडन ऑलिंपिकमधला भारताचा आघाडीचा खेळाडू. पुणे? नाशिक? नागपूर? नाही हो, झाशी! नेवाळकरांच्या राजवटीपासून तिथं मराठी घरं आहेत आणि ध्यानचंदांचं गावही तेच.