पोर्टलातली पोरं

वेस्ट लाफायेट (इंडियाना), नोव्हेंबर २०२५



रायगडात कबड्डीच्या स्पर्धा सुरू झाल्या की नाक्यावर खेळापेक्षा खेळाडूंचीच चर्चा जास्त रंगते. अमक्या गावचा चढाईपटू यंदा कुणाकडून उतरणार? रेल्वेनं उचलला की पोलिसांनी? भारत पेट्रोलियमनं घेतला की महिंद्रानं? आणि घेतला तर कायम केला की कंत्राटावरच ठेवला? इंडियाना राज्यात ही चर्चा बारा महिने चालते. फरक एवढाच की खेळ बास्केटबॉलचा आणि संघ कॉलेजांचे. सामने नोव्हेंबरात सुरू होऊन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतात, चर्चेला मात्र सुट्टी नसते. उलट एप्रिल-मेमध्ये मैदान रिकामं झालं की तिला खरा जोर चढतो.

आपल्याकडं विद्यापीठाच्या सामन्याला खेळाडूंचे मित्र आणि क्रीडाशिक्षक सोडले तर कुणी फिरकत नाही. इथं पर्ड्यू विद्यापीठाच्या मॅकी अरीनात १४,८७६ खुर्च्या आहेत आणि थंडीच्या कडाक्यातही त्या भरतात. दोन तासांच्या अंतरावर ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठाचा असेंब्ली हॉल आहे, तो १७,२२२ खुर्च्यांचा. देशात पहिल्या श्रेणीची, म्हणजे डिव्हिजन वनची, साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत. पण पर्ड्यू आणि इंडियाना यांच्यातलं हाडवैर इथं घराघरात शिरलेलं आहे.

हे वेड शाळेपासून लागतं. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातल्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेनं मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला ३२-३० असं हरवून राज्याचं विजेतेपद पटकावलं. शेवटची बास्केट बॉबी प्लम्पची. १९८६ चा ‘हूझिअर्स’ हा चित्रपट त्याच कथेवर बेतलेला. न्यू कॅसल गावच्या शाळेच्या जिममध्ये आठ हजारांवर माणसं बसतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या मंडळींना या राज्यातलं गॅरी हे नाव ओळखीचं वाटेल. यू. एस. स्टीलनं १९०६ साली वसवलेलं हे पोलादाचं शहर, आणि ती कंपनी जून २०२५ मध्ये जपानच्या निप्पॉन स्टीलनं घेतली. त्याच गॅरीच्या रूझवेल्ट शाळेचा ग्लेन रॉबिन्सन १९९१ मध्ये राज्याचा ‘मिस्टर बास्केटबॉल’ ठरला, पर्ड्यूकडून खेळला आणि १९९४ च्या एनबीए निवडीत पहिल्या क्रमांकावर गेला.

मुलं हेरण्याचं कामही तितक्याच लवकर सुरू होतं. इंडियाना विद्यापीठाचे गाजलेले प्रशिक्षक बॉब नाइट आठवीतल्या डेमन बेलीला बघायला स्वतः त्याच्या शाळेच्या जिममध्ये जाऊन बसले होते. त्याच बेलीची १९९० ची शालेय अंतिम लढत बघायला ४१,०४६ माणसं जमली. शाळकरी मुलांच्या सामन्याला! आता हे सगळं आखीव झालंय. उन्हाळ्यात बूट कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या क्लब-स्पर्धा असतात, आणि कडेला ओळीनं प्रशिक्षक बसलेले असतात. मुलांना तीन, चार, पाच असे तारे मिळतात. मग कॉलेजची ‘भेट’ ठरते. मुलाला गणवेश घालून फोटो काढतात, सामन्याला संघाच्या बाकामागं बसवतात आणि विद्यार्थी त्याच्या नावाचा घोष करतात. पुढं शाळेच्या जिममध्ये टेबल मांडून त्यावर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या ठेवायच्या आणि मुलानं त्यातली एक उचलून डोक्यावर चढवायची, की टाळ्यांचा कडकडाट. नोव्हेंबर हा सह्यांचा महिना. त्यासाठी १९६४ पासून चालत आलेलं ‘लेटर ऑफ इंटेंट’ ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झालं, आता थेट आर्थिक करारावर सही होते.

इथवर गोष्ट जुनीच आहे. नवी भानगड आहे ती ‘ट्रान्स्फर पोर्टल’ची.

पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाकावर बसायची शिक्षा होती. लॅरी बर्डचंच घ्या. फ्रेंच लिक या छोट्या गावचा हा मुलगा १९७४ मध्ये ब्लूमिंग्टनला आला. तिथल्या हजारोंच्या गर्दीत तो बावरला आणि महिनाभराच्या आत घरी परतला. काही काळ गावच्या कचऱ्याच्या गाडीवर काम केलं. मग इंडियाना स्टेट या दुसऱ्या कॉलेजात गेला, नियमाप्रमाणं वर्षभर थांबला आणि १९७९ मध्ये त्या कॉलेजाला थेट अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. तिथं मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटनं त्यांना हरवलं, ही गोष्ट वेगळी.

ऑक्टोबर २०१८ मध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिनं पोर्टल सुरू केलं. मुलानं आपल्या कॉलेजला कळवायचं, कॉलेजनं दोन कामाच्या दिवसांत त्याचं नाव यादीत घालायचं. नाव चढलं की देशातला कुठलाही प्रशिक्षक त्याला फोन करायला मोकळा. २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलल्यास थांबण्याची अट गेली आणि २०२४ मध्ये कितीही वेळा बदला, अभ्यासात पास असलात की झालं, असा नियम आला. त्यात १ जुलै २०२१ पासून मुलांना आपलं नाव आणि चेहरा जाहिरातीला देऊन पैसे घेण्याची मुभा मिळाली. आणि ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केल्यापासून कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली आहेत. २०२५-२६ साठी कॉलेजमागं मर्यादा होती सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे १८० कोटी रुपयांच्या आसपास, सगळे खेळ धरून. त्यातला मोठा घास अमेरिकन फुटबॉल खातो, तरी उरतं ते थोडं नाही.

परिणाम? २०२५ च्या वसंतात पुरुष बास्केटबॉलची पोर्टलची खिडकी २४ मार्च ते २२ एप्रिल अशी तीस दिवस उघडी होती आणि नुसत्या डिव्हिजन वनमधून दोन हजारांवर मुलांनी त्यात नाव घातलं. राष्ट्रीय स्पर्धा तिकडं ऐन रंगात आणि इकडं हरलेल्या संघांची पोरं नवं घर शोधतायत, असा सगळा प्रकार.

लोक यावर कसे भांडतात त्याचा नमुना सांगतो. शनिवारी सकाळी नाश्त्याच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर मक्याची शेती करणारे सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते, डोक्यावर पर्ड्यूची काळी टोपी. समोर त्यांचा जावई, अंगात इंडियानाचा लाल स्वेटशर्ट. सासरेबुवांनी अंड्यांवर मिरपूड भुरभुरत तोंड उघडलं, “तुमच्या संघात गेल्या वर्षी होता आणि यंदाही आहे, असा एक पोरगा सांग.”

जावई म्हणाला, “नाही सांगता येत. पण तुमच्या छताला विजेतेपदाचा झेंडा कुठाय? आमचे पाच आहेत.”

“शेवटचा १९८७ चा. तेव्हा तू शाळेत तरी जात होतास का? आमच्या ब्रेडन स्मिथचं चौथं वर्ष आहे, लॉयरचं चौथं. कॉफमन-रेन तर त्यांच्याही आधीपासून आहे. तिघं याच राज्यातले. आमच्या डोळ्यांसमोर मोठी झालेली पोरं.”

“आणि तो ऑस्कर क्लफ? साउथ डकोटा स्टेटमधून उचललेला? तो काय तुमच्या मक्याच्या शेतात उगवला?”

यावर सासरेबुवांनी कॉफी मागवली.

दोघांचंही म्हणणं खरं आहे. इंडियानानं मार्च २०२५ मध्ये डॅरियन डेव्रीस यांना प्रशिक्षक नेमलं आणि आधीचा संघ जवळजवळ झाडून गेला. लमार विल्करसन सॅम ह्यूस्टन स्टेटमधून आला. सॅम ॲलेक्सिस फ्लॉरिडातून, तेही फ्लॉरिडानं २०२५ चं राष्ट्रीय विजेतेपद जिंकल्यावर. कॉनर एनराइट आणि प्रशिक्षकांचा स्वतःचा मुलगा टकर, दोघांचंही हे तिसरं कॉलेज. उलट पर्ड्यूचे प्रशिक्षक मॅट पेंटर २००५ पासून तिथं ठाण मांडून आहेत. शाळेतून घ्यायचं, चार वर्षं घडवायचं, हा त्यांचा खाक्या. २०२४ मध्ये संघ अंतिम फेरीत पोचला, तिथं कनेक्टिकटकडून ७५-६० असा हरला. २०२५-२६ च्या मोसमाआधीच्या एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पर्ड्यू इतिहासात पहिल्यांदाच अव्वल होता. राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद मात्र आजवर एकदाही नाही.

जुने चाहते म्हणतात, पोरांना निष्ठा राहिली नाही. मला हे पटत नाही. डेव्रीस ड्रेक विद्यापीठात सहा वर्षं होते, मग वेस्ट व्हर्जिनियात फक्त एक वर्ष काढून इंडियानात आले. त्यांना कुणी वर्षभर बाकावर बसवलं नाही. प्रशिक्षकांना ही मोकळीक पहिल्यापासून आहे, पगारही राज्यातल्या सरकारी नोकरांत सगळ्यात वरचे. ज्याच्या खेळावर हा डोलारा उभा, त्या एकोणीस वर्षांच्या पोरालाच तेवढी बेडी होती. पैसाही काही काल आलेला नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयनं सहायक प्रशिक्षक आणि बूट कंपनीच्या माणसांसह दहा जणांना अटक केली, ती मुलं वळवण्यासाठी आणि त्यांच्या घरी पैसे पोचवण्यासाठी चाललेल्या लाचखोरीबद्दल. काल जे टेबलाखालून जात होतं ते आज टेबलावर आलं, हे वाईट कसं म्हणायचं?

तोटा आहे, नाही असं नाही, पण तो वेगळा आहे. सारखी कॉलेजं बदलताना श्रेयांक वाया जातात आणि पदवी लांबते. पोर्टलात उडी मारणाऱ्या प्रत्येकाला नवं घर मिळतंच असं नाही. तिकडं जुन्या कॉलेजनं त्याची जागा भरलेली असते. शाळेतून येणाऱ्या मुलांची वाटही अरुंद झालीय. अठरा वर्षांचं कच्चं पोर घेऊन घडवण्यापेक्षा बावीस वर्षांचा तयार गडी घेतलेला प्रशिक्षकांना परवडतो. पुरुष संघाची पटसंख्या आता पंधरावर बांधलेली आहे. एक तयार गडी आला की एक नवशिका बाहेर राहतो.

आपल्या लोकांचा थेट संबंध येतो तो व्हिसाशी. परदेशी खेळाडू इतर विद्यार्थ्यांसारखाच एफ-वन व्हिसावर असतो, आणि त्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसवरच, एवढंच काम करता येतं. पर्ड्यूचा झॅक एडी टोरांटोचा, उंची सात फूट चार इंच. शाळेत असताना फक्त तीन ताऱ्यांचा होता. चार वर्षं इथंच टिकला आणि २०२३ व २०२४ असा लागोपाठ दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. गावभर त्याच्या नावाचा गजर, पण सहकारी खेळाडू जाहिराती करत असताना व्हिसामुळं त्याचे हात बांधलेले. अमेरिकेतल्या या नव्या श्रीमंतीत परदेशी मुलाचा वाटा अजून कायद्याच्या कचाट्यात आहे.

तरी शिष्यवृत्ती मिळते आणि ती थोडी नाही: फी, राहणं, जेवण, पुस्तकं. आपल्या संजना रमेशनं नॉर्दर्न ॲरिझोनात आणि हरसिमरन कौरनं सॅन डिएगोत हे करून दाखवलं आहे. कळंबोली, खारघर, पनवेल भागात पोरंपोरी बास्केटबॉल खेळत असतील, तर त्यांच्या आईबाबांना एवढंच सांगणं. इथं मुलाची उंची आणि व्हिडिओ बघण्याआधी गुणपत्रिका बघतात, तीही नववीपासूनची. डिव्हिजन वनसाठी चार वर्षांत सोळा ठरावीक विषय आणि ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते, एसएटी परीक्षेची सक्ती २०२३ पासून गेली. एनसीएएच्या पात्रता केंद्रात नाव स्वतःच नोंदवता येतं. तेवढ्यासाठी कुणा एजंटाला पैसे मोजू नका, आणि आठवी-नववीत खेळापायी शाळा बुडवू नका.