मेंदूची बाराखडी

न्यूरॉलॉजी म्हटलं की आम्हा एमबीबीएसच्या मुलींच्या पोटात गोळा यायचा. पुस्तकातल्या नसांच्या त्या आकृत्या म्हणजे मागावरचा सुताचा गुंताच! कुठला धागा कुठून निघाला नि कुठं गेला, काही पत्ता लागायचा नाही.

आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधी 'कुठं' ते शोधा. 'काय' ते नंतर." बिघाड मेंदूत आहे, मणक्यातल्या मज्जारज्जूत आहे, नसेत की स्नायूत, ते आधी ठरवायचं. गुठळी की गाठ, हा पुढचा प्रश्न. आणि साधनं तरी किती साधी! रबरी हातोडी, टॉर्च, कापूस, शाळेच्या प्रयोगशाळेतला असतो तसला ट्यूनिंग फोर्क. वास कळतो का बघायला लवंग किंवा कॉफी, एकेका नाकपुडीला. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या जोड्या बारा, म्हणून आम्ही त्यांना बाराखडीच म्हणायचो. तळव्याच्या कडेनं किल्ली ओढायची. मोठ्या माणसाचा अंगठा वर उचलला गेला, तर दोष मेंदूत किंवा मज्जारज्जूत. बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरनं १८९६ मध्ये हे सांगितलं, आजही रोज तसंच बघतात.

हे सगळं मला पाठ झालं होतं. मग ती आजी आली.

सोलापूरच्या पूर्व भागातली, विड्या वळणारी. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं बंद. मी विचारलं, "आजी, डोळे मिटा. जीभ दाखवा बरं." आजी नुसती बघत राहिली. मी कागदावर लिहून टाकलं – सांगितलेलं समजत नाही.

सरांनी कागद वाचला आणि सुनेला विचारलं, "घरी कुठली भाषा?" तेलुगू! सून वाकून म्हणाली, "अत्तम्मा, कळ्ळु मूसुकोंडी." आजींनी लगेच डोळे मिटले. जीभही दाखवली. सगळं कळत होतं, फक्त शब्द बाहेर येत नव्हता.

१८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरनं असाच रुग्ण पाहिला होता. त्याला बोललेलं कळायचं, पण तोंडातून 'टॅन' एवढंच निघायचं. तो गेल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे बिघाड सापडला. डावा मेंदू उजवं अंग चालवतो आणि बहुतेकांची भाषाही तिथंच असते. म्हणून आजींचा हात आणि वाचा, दोन्ही एकदम गेलं.

माझ्या चुकीपेक्षा मला वेगळ्याच गोष्टीनं कापरं भरलं. म्हातारीला काही कळत नाही असं समजून घरचे तिच्या उशाशीच बोलत होते – आता हिला सांभाळायचं कुणी? ती सगळं ऐकत होती. सुनेनं पदर तोंडाला लावला.

"कधीपासून हे?" सरांनी विचारलं. मुलगा म्हणाला, "काल सकाळपासून." सून अचूक बोलली, "नळाला पाणी आलं तेव्हा घागर हातातून सुटली. साडेसहाला." अंगावरून वारं गेलं म्हणून दिवसभर तेल चोळत बसले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेही आधी सीटी स्कॅन करून, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच घातक. आजींची ती वेळ केव्हाच टळली होती.

म्हणून मैत्रिणींनो, तोंड अचानक वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर घड्याळ बघून ठेवा आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. तोंडात पाणी, चहा काही घालू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. थोड्या वेळानं आपोआप बरं वाटलं तरीही जाच.

सून मग रोज आजींशी तेलुगूत बोलायची, नातवंडांची नावं घ्यायची. त्याच आठवड्यात मी वहीचं पहिलं पान फाडून नवं लिहिलं. डोळे मिटा, जीभ दाखवा, हात वर करा – तेलुगूत. आणि अक्कलकोटकडच्या पेशंटसाठी शेजारी कन्नडमध्ये – कण्णु मुच्चि, नालिगे तोरिसि. उच्चार वॉर्डातल्या मावशींनी दुरुस्त करून दिले.